तूट

पळसुले बाईंची भाची की नात, विचारलं नाही मी,
परवा भवानी पेठेत दुकानी आली
आणि पिशवीतून काढला पितळी तराजू.
शाळेतला आहे म्हणाली,
बाईंची जन्मशताब्दी, हॉलमध्ये काचेत ठेवायचाय,
तेवढा चकचकीत करून द्या.

मी दांडी उचलली.
डावं पारडं अर्धा तोळा खाली.
अजून खालीच.

लाकूडबाजारामागे, नागझरीच्या काठाला
पत्र्याच्या दोन खोल्या, एक चिंच.
तत्त्वज्ञानात एम. ए. झालेली बाई
पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहीना.
म्हणाली, दुकान मांडू.
गूळ, शेंगदाणे, पाटीच्या पेन्सिली.
पोरांनीच विकायचं, पोरांनीच घ्यायचं,
हिशेब जुळला की घरी.
आणि नाही जुळला तर?
तर का नाही जुळला ते शोधून घरी.

गूळ मी खाल्ला होता. तीन दिवस, थोडा थोडा.
छडी त्या शाळेत नव्हतीच.
बाईंनी सगळ्यांपुढून फिरवत वही माझ्यापुढे ठेवली:
'सोपान, तूट आलीय. कुठल्या खात्यात लिहायची?'
पाऊण तास बसलो.
नागझरीवरचे डास कानाशी आले.
मग लिहिलं:
गूळ, पाव शेर, मी.

त्याच साली त्यांचं पुस्तक निघालं, तीनशे प्रती.
सभेत एक शास्त्रीबुवा म्हणाले,
हे तर वाण्याचं तत्त्वज्ञान, खपेल ते खरं.
बाई जागेवरूनच बोलल्या,
'खपेल ते नव्हे हो, टिकेल ते.
आणि टिकतं का, ते वापरल्याशिवाय कसं कळणार?'
मला यातलं काही कळलं नाही.
मी सतरंज्या घालायला गेलो होतो.

मग शेर गेला, किलो आला.
बाईंना कोण आनंद!
'बघा रे, माप बदललं, गूळ तोच.'
आम्हा चौदा जणांना पाट्या देऊन
बोहरी आळीत धाडलं, दुकानदारांना शिकवा म्हणून.
एकानं हाकललं.
एकानं चहा पाजला आणि माझी चूक काढली,
शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम, बावीस नव्हे, बाळ.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर
'आजचे शिक्षक' याखाली त्या शेटजींचं नाव होतं.

सगळंच गोड नव्हतं.
सातवीला चौदातले नऊ गेले.
माझा बाप चिंचेखाली उभा राहून ओरडला,
पोराला कारकून करा म्हटलं होतं,
तुम्ही तागडी दिलीत हातात!
बाई गप्प.
संध्याकाळी वहीत लिहिताना मी खिडकीतून पाहिलं:
तूट, नऊ मुलं.
आणि खाली स्वतःची सही.

पुढे ग्रँट थांबली. पत्रे जुन्या बाजारात गेले.
मी काटे दुरुस्त करायला शिकलो,
मॅट्रिकला दोनदा बसून, दोनदा उठून.

भाची विचारते, याला सरकारी शिक्का मिळेल?
नाही हो, वजनमापवाले हा काटा मानत नाहीत.
उजव्या पारड्याच्या बुडाशी लाख होती कधीतरी,
तोल साधायला लावलेली. निघून गेलीय.
नुसता डाग उरलाय,
डागात बोटाचा ठसा, लहानसा.
आमच्यातल्या कुणाचा, देव जाणे.

मी लाख तापवली.
मग शेगडी बंद केली.
चिंच लावून पितळ उजळलं फक्त,
अर्धा तोळा तसाच ठेवला.
म्हटलं, काचेत नका घालू,
पोरांचा हात पोचेल असा टांगा.
एखादं तरी विचारेल, हा डावीकडे का झुकतो?
उत्तर तयार ठेवू नका मात्र.

ती हो म्हणाली.
लोक हो म्हणतात.
गुरुवारी हॉलवर जाऊन बघणार आहे.